कोकराची साक्ष

तीन दिवस झाले, माझ्या हातांचा वास जात नाही. खरं सांगायचं तर मीच तो जाऊ देत नाही. जेवणाआधी हात नुसते पाण्याखाली धरतो, साबणाकडे बघतही नाही. मेंढीच्या लोकरीला एक मेणचट ओशटपणा असतो. तो बोटांच्या रेघांत एकदा शिरला की चार-चार दिवस मुक्काम करतो. त्यात थोडा ओल्या मातीचा वास असतो, थोडा लेंड्यांचा, थोडा बाभळीच्या शेंगांचा, आणि थोडा असा, ज्याला पंचाहत्तर वर्षांत मला नाव देता आलेलं नाही. सकाळी सुनेनं नाक मुरडलं. "बाबा, चहाच्या कपालेबी वास येऊन राह्यला." मी कप नाकाशी नेला. खरंच येत होता. मी आणखी अर्धा कप मागितला.

लिहितानाही कागदावर बोटांचे डाग पडताहेत. नखांच्या कडेला पिवळं आहे, तेही उतरतंय. उतरू दे. ते पिवळं कसलं, ते पुढे येईलच.

आर्णीच्या पुढे ओढ्याकाठी बारा-पंधरा घरांनी मिळून एक शेत धरलंय. आधी ती पडीक जमीन होती. आता तिथे तूर आहे, कपाशी आहे, वांगी आहेत आणि दोन वर्षांपासून चाळीस मेंढ्या आहेत. माझी नात रेणू त्या मंडळीत आहे. गेल्या आठवड्यात ती सांगत आली, "आबाजी, रविवारी आपल्या वावरात मेंढ्या कातरणं हाये. सगळ्याईनं घरच्याईले घेऊन याचं. तुमी तर जुने खिलाडी, तुमाले चालावंच लागते."

"मी कायले? माह्या हातात आता चष्मा धरवत नाई."

"तुमाले नाई कातराचं. झरीकडून एक बुढी येऊन राह्यली शिकवाले. शेवंताबाई. लय तेज हाये म्हणते."

मी पेपरची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

त्या दुपारी घरात कोणी नसताना मी पलंगाखालची पेटी ओढली. तळाशी कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात एक काळी घोंगडी होती. काळी म्हणजे रंगवलेली नव्हे. मेंढीच्या अंगावर जो काळा असतो तो, उन्हात धरला तर कडेला तांबूस दिसणारा. ती मी इतक्या वर्षांत एकदाही पांघरली नव्हती. दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवायचो आणि परत ठेवायचो. ती कोणाची आहे, हे घरात कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

रविवारी ती पिशवीत घालून रेणूच्या स्कुटीवर मागे बसलो. "एवढ्या उन्हात घोंगडी कायले, आबाजी? थंडी वाजून राह्यली का?"

"तू समोर पाह्य."

फाल्गुन लागला होता. दोन्हीकडे पळस पेटले होते. शेतांत कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, कुठे तूर झोडपणं चाललेलं, हवेत त्या भुशाची बारीक खाज. आणि मग, वळणाच्या बऱ्याच अलीकडे, मला ते ऐकू आलं. एका मेंढीचं ओरडणं सगळ्यांनाच ऐकू येतं. पण एका जागी अडवलेल्या चाळीस मेंढ्यांचा आणि त्यांच्यापासून तोडलेल्या कोकरांचा जो एकच आवाज होतो, तो ज्याच्या लहानपणात आहे त्याला अंगावर येतो. माझे गुडघे दुखायचे थांबले. मी रेणूच्या खांद्यावर थाप मारली. "पळव ना, पळव!"

"आबाजी, चाळीसवर हाये!"

"मंग पन्नास कर!"

*

आमच्या तरुणपणी आमच्या गावच्या डोहावर तीन घरांची कातरणी एकत्र व्हायची. आमचं घर, एक चुलत्यांचं आणि तिसरं दौलतकाकांचं. दौलतकाका आमचे सख्खे कोणी नव्हते, पण वाड्याला वाडा लागून, मेंढरं एका वाटेनं चरायला जायची. त्यांची मुलगी शेवंता माझ्याहून वर्षानं मोठी.

कातरणीच्या आदल्या संध्याकाळपासून घरात कोणाला धड जेवण जायचं नाही. दगडावर पाणी टाकून कातरींना धार लावली जायची. तो खर्र-खर्र आवाज तिन्ही घरांतून एकदम यायचा, जणू एकमेकांना हाका मारताहेत. पहाटे मेंढरं डोहावर. कमरेइतक्या पाण्यात आम्ही पोरं उभी, एकेक मेंढी पाण्यात लोटायची, लोकर पिळायची, पलीकडच्या काठाला सोडायची. पाणी इतकं गार की ओठ जांभळे व्हायचे आणि तरी कोणी बाहेर यायला तयार नसायचं. मेंढी काठावर चढली की अंग झाडायची आणि त्या एका झटक्यात ऊन तुटून पडल्यासारखं दिसायचं.

ऊन वर आलं, लोकर सुकली, की घोंगड्या अंथरून माणसं बसायची. पुरुष कातरायचे, बायका मेंढीचे पाय धरायच्या. म्हाताऱ्या लोकर निवडायच्या: काळी इकडे, पांढरी तिकडे, करडी मधे, गोखरू वेचून बाजूला. कातरींचा आवाज एकदा लागला की तो पाऊस लागल्यासारखा थांबायचाच नाही. बारीक कातडं कापलं गेलं, रक्ताचा थेंब दिसला, की "लागलं, लागलं!" असा गलका. मग हळदीचा डबा यायचा, चिमूट दाबली जायची, आणि त्या कातरणाऱ्याची दिवसभर खिल्ली. ज्याच्या हातून एकही मेंढी दुखावली नाही, त्याला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून निघालेला पहिला रोडगा, कणकेचा तो जाड गोळा, फोडून, तुपात बुडवून. दौलतकाका तो रोडगा दर वर्षी खायचे. खायचे म्हणजे पहिला घास घ्यायचे आणि उरलेला शेवंताला द्यायचे, कारण पाय तिनं धरलेले असायचे.

पाय धरून धरूनच ती शिकली. बायकांनी कातर धरायची नाही असं होतं. पण बाप घाम पुसायला थांबला की तिचा हात कातरीवर जायचा आणि दोन-चार वळणं काढून परत यायचा. मी ते बघितलं होतं. तिच्या हाताला घाई नव्हती.

आणि तिची एक मेंढी होती. काजळी. मामाकडून काखेत आणलेली, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आमच्याकडे प्रत्येक घराची खूण मेंढीच्या कानाला असायची. आमची डाव्या कानाला खाच, दौलतकाकांची उजव्या. काजळीचे दोन्ही कान कोरे होते. खाच पाडायला चाकू आणला तेव्हा शेवंता मेंढीला कवटाळून अशी बसली की काकांनी चाकू मिटला. "असू दे," ते म्हणाले, "हिले कोण चोरते!"

*

शेतावर पोहोचलो तेव्हा तिथे जत्रा होती. यवतमाळहूनसुद्धा चार-पाच कुटुंबं आली होती. लेकरं जाळीला लटकलेली, बाया वांगी चिरत बसलेल्या, एका कोपऱ्यात रोडग्यांसाठी गोवऱ्या रचलेल्या. मधोमध प्रवीण नावाचा एक तरुण विजेवर चालणारं कातरायचं यंत्र घेऊन उभा होता. त्यानं बटण दाबलं. यंत्र भुंग्यासारखं घोंघावलं. त्याच्या मांडीखालच्या मेंढीनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती निघाली. वायर तिच्या पायात, यंत्र वायरला, प्रवीण यंत्रामागे. सगळं शेत ओरडायला लागलं. तुरीच्या ढिगाला वळसा घालून वरात परत येईपर्यंत वीजच गेली.

"झालं! लाइनबी गेली," कोणीतरी ओरडलं.

"मेंढीनं नेली," एक बाई म्हणाली, आणि हसता हसता तिच्या हातातलं वांगं सुटलं.

बाभळीच्या सावलीत मात्र एक म्हातारी या सगळ्याकडे न बघता कातरत होती. नऊवारीचा काष्टा, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारलेल्या, मांडीखाली मेंढी. समोर लेकरांचं कोंडाळं. मी जाऊन उभा राहिलो.

"कोण हाय थे उजेड अडवून? बाजूले सर ना, बाप्पा."

मी सरकलो. तिनं आधी माझ्या चपला बघितल्या, मग काठी, मग तोंड. कातर थांबली नाही.

"कंडक्टर," ती म्हणाली. "लय बुढा झाला रे."

"तू काय तरणी राह्यली का?"

"मी कातर चालवून राह्यली. तू काठी धरून उभा हाये." लेकरं फिदीफिदी हसली. तिनं शेजारची दुसरी कातर उचलून माझ्यापुढे धरली. "घेय. पाहू दे, तिकिटं फाडू फाडू हात गेले का राह्यले."

मी खाली बसलो. बसायलाच मला दोन माणसं लागली. पण मेंढी मांडीखाली आल्यावर जे झालं त्याची मला अजून गंमत वाटते. डोकं घाबरलेलं होतं आणि हात मुळीच घाबरलेले नव्हते. डाव्या हातानं कातडी ताणली, उजव्यानं पातं चपटं ठेवलं, आणि पहिली रेघ मानेपासून खांद्यापर्यंत गेली. वरची मळकी लोकर उलटली आणि आतून ती ऊबदार, स्वच्छ, दुधाळ लोकर बाहेर आली, आणि तो वास! माझ्या तोंडून "अरे वा रे वा" असं निघालं, मोठ्यानं, म्हाताऱ्याला न शोभेल असं. रेणू टाळ्या वाजवायला लागली. "आमचे आबाजी! आमचे आबाजी हायेत ते!"

शेवंता माझ्या हाताकडे बघत होती. मी वर बघितलं नाही. पिशवी माझ्या गुडघ्याशी होती आणि पिशवीतून घोंगडीचं काळं टोक बाहेर आलं होतं.

*

आता ते लिहितो, ज्यासाठी बसलोय.

मी बावीस वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या बापानं बाजारातून एक काळी मेंढी आणली होती, पोटाशी महिनाभराचं कोकरू असलेली. नवीनच, म्हणून तिचेही कान कोरे. दौलतकाकांकडे काजळी. तिचं कोकरू कातरणीच्या चार दिवस आधी मेलं होतं. म्हणजे त्या दिवशी डोहावर दोन काळ्या मेंढ्या होत्या, दोन्ही कोऱ्या कानांच्या, दोन्ही दुभत्या. एकीला कोकरू होतं, एकीला नव्हतं.

धुतलेल्या मेंढ्या राखायचं काम माझं होतं. पण तिकडे दोन चुलत्यांची शर्यत लागली, कोण आधी कातरतो, आणि आरडाओरडा ऐकून मी धावलो. परत आलो तेव्हा आमची काळी नव्हती. संध्याकाळपर्यंत मी एकटा काटवनात फिरलो. ती मिळाली नाही, कधीच मिळाली नाही. मेंढी हरवली हे बापाला सांगायची हिंमत झाली नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कातरलेल्या मेंढ्यांत एकच काळी होती. मी म्हणालो, ही आमची. दौलतकाकांची हरवली.

"मायी मेंढी मी ओळखत नाई का?" शेवंता म्हणाली. पण लोकर गेली की मेंढी दुसरीच होते; हाडकुळी, मान लांब, डोळे मोठे. कालपर्यंत जिला लांबून ओळखत होतो तिच्यापुढे उभं राहूनही माणूस बिचकतो. सगळे हसले. म्हाताऱ्यांनी ठरवलं: कोकरू सोडा.

आमच्यात असा वाद पडला की कोकराची साक्ष घ्यायचे. मेंढी परक्या कोकराला जवळ करत नाही. हुंगते आणि डोकं मारून उडवते. आपलं असलं तरच कासेला लागू देते. पण आई मेलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीच्या पदरात घालायची एक युक्तीही आमच्याकडे सगळ्यांना येते: तिचंच दूध पिळून कोकराच्या पाठीला आणि शेपटीला चोळायचं, वर चिमूटभर मीठ. मेंढीला स्वतःचा वास येतो आणि ती चाटत बसते. जिचं कोकरू नुकतं मेलंय ती तर लगेच फसते. म्हणून साक्षीआधी दोन्ही घरांनी तळहातावर भंडारा घ्यायचा, देवाची ती हळद, आणि म्हणायचं: मेंढी आमची, आणि आम्ही कोकराला हात लावला नाही.

मी लावला होता. दिवस उगवायच्या आत, वाद निघण्याआधीच, काजळीचं ओंजळभर दूध आणि मीठ.

मी भंडारा घेतला. दौलतकाकांनीही घेतला. कोकरू सोडलं. काजळीनं त्याचं तोंड हुंगलं आणि ती मागे सरली. मग तिनं शेपटी हुंगली. थांबली. चाटायला लागली. कोकरू खाली शिरलं, त्याची शेपटी थरथरायला लागली, आणि सगळा वाडा ओरडला. मीही ओरडलो. माझ्या त्या ओरडण्यातला आनंद खोटा नव्हता. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

तळहातावरचा भंडारा दौलतकाकांनी कपाळाला लावला आणि ते उठले. शेवंता काजळीपाशी गेली, तिच्या कोऱ्या कानामागे खाजवलं आणि म्हणाली, "राह्य सुखानं."

पुढच्या वर्षी ते कातरणीला आले नाहीत. खोटा भंडारा उचलणारा असं नाव घेऊन माणूस गावात राहत नाही. ते झरीकडे निघून गेले. पहिला रोडगा कोणाला द्यायचा यावरून त्या वर्षी भांडण झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्येक घरानं आपापली कातरणी आपापल्या दारात उरकली. डोहावर मग नुसत्या म्हशी बसायच्या.

काजळी आमच्याकडे आठ वर्षं होती. रस्त्यानं शेवंतासारख्या बांगड्या वाजवत कोणी बाई गेली की ती चरता चरता मान वर करायची. तिच्या आठ वर्षांच्या लोकरीची बापानं घोंगडी विणून आणली. चिंचोक्याच्या खळीनं ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. बापानं ती स्वतः कधी अंगावर घेतली नाही. एक दिवस माझ्या खाटेवर ठेवली आणि म्हणाला, "तुई हाये." त्याला काय माहीत होतं, मी कधी विचारलं नाही.

मेंढरं विकली. मी एसटीत कंडक्टर झालो. पांढरकवड्याहून झरीकडे जाणाऱ्या गाडीवर होतो तेव्हा एकदा दौलतकाका चढले, सोबत शेवंता. काका वाकले होते. मी तिकीट दिलं, सुटे पैसे दिले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"थे मेंढी हाये का अजून?"

"नाई काका. गेली."

"लोकर लय चांगली होती तिची," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी घंटी ओढली. पुढच्या थांब्यापर्यंत बोलू, मग त्याच्या पुढच्या थांब्यापर्यंत, असं करत त्यांचं गाव आलं आणि ती दोघं उतरली. त्यानंतर तीन महिन्यांत काका गेल्याचं कळलं.

*

रविवारी जेवणं झाल्यावर शेवंता ओढ्यावर हात धुवायला गेली. मी काठी टेकत मागे गेलो. पिशवीतून घोंगडी काढून तिच्यापुढे धरली.

"काय हाये?"

"काजळी."

तिनं ओले हात पदराला पुसले, घोंगडी घेतली आणि नाकाशी धरली. मी सांगितलं. पाच-सहा वाक्यांत झालं सगळं. पन्नास वर्षांना तेवढीच लागली. दूध, मीठ, भंडारा, बस.

ती घोंगडीला अडकलेली कडुलिंबाची पानं एकेक काढत राहिली.

"मायी मेंढी होती हे तर मले माहीतच होतं ना," ती म्हणाली. "तुले माहीत होतं का नाई, तेवढंच मले माहीत नव्हतं." एक पान पाण्यात टाकलं. "इतके वर्सं मी म्हणलं, चुकला असंन. काळ्या मेंढ्या सारख्याच दिसते. पोट्टा चुकला असंन. बाबाले बी मी हेच सांगे."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला मला दोन माणसं लागतात.

"माफ कर मले, शेवंता."

"मले कायले सांगून राह्यला?" आता तिचा आवाज चढला. "माह्या बापाले चार माणसात खोटं पाडलं ना? चार माणसात सांग. थे लाल झग्यातली पोट्टी दिसते? तिकडे, जाळीवर चढलेली? दौलतची पणती हाये थे. तिच्यासमोर सांग."

जाळीवर दौलतकाकांची पणती होती. तिच्या शेजारी तिला वर चढायला हात देत माझी रेणू उभी होती.

*

दुपार कलली. एकतीस मेंढ्या कातरून झाल्या होत्या. आता दिवसातली सगळ्यात मोठी गंमत उरली होती: सकाळपासून वेगळी ठेवलेली कोकरं सोडायची. लेकरांनी पैजा लावल्या होत्या, कोणाचं कोकरू आधी आई शोधणार. सगळी कुटुंबं जाळीभोवती गोळा झाली. प्रवीण फाटकाच्या दोरीला हात घालून उभा. "सोडू का? सोडू का?"

"थांब," शेवंता म्हणाली. "पह्यले कंडक्टरले बोलू दे."

सगळ्यांना वाटलं मी जुनी मजा सांगणार. रेणूनं तर मोबाइल वर धरला. मी तिला तो खाली ठेवायला सांगितलं. मग मी बोललो. मोठ्यानं, गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायची सवय अजून आहे. कोकरं ओरडत होती, मेंढ्या ओरडत होत्या, त्यांच्यावर आवाज काढून मी सांगितलं की मी मेंढी हरवली, मी दूध चोळलं, मी खोटा भंडारा उचलला. दौलतकाकांचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं की तो माणूस खरा होता.

रेणू चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. मागून आलेल्या माझ्या मुलानं गोवऱ्यांच्या राखेकडे तोंड फिरवलं. मग लाल झग्यातली मुलगी जाळीवरूनच म्हणाली, "मंग थे मेंढी कोणाची होती?"

"तुह्या पणज्याची."

"मंग वापस काहून नाई देली?"

"देली आता," शेवंता म्हणाली. घोंगडी तिच्या खांद्यावर होती. "सोड रे पोट्ट्या कोकरं. बिचारी उपाशी हायेत."

दोरी सुटली. बावीस कोकरं एकदम आत घुसली आणि आत आई नावाचं काही नव्हतंच. सगळीकडे हाडकुळ्या, गोऱ्या, अनोळखी मेंढ्या. कोकरं या पायांतून त्या पायांत, धडका खातायत, पडतायत, परत उठतायत. लेकरं किंचाळत होती, "तिकडे, तिकडे! अरे उलटीकडे!" मोठी माणसं जाळीवर वाकली होती. एक काळं कोकरू मधोमध उभंच राहिलं. त्याची आई त्याच्यापासून चार हातांवर होती. ते तिच्याकडे बघून दुसरीकडे धावलं. "हाड, वेडं हाये हे!" कोणीतरी म्हणालं. मग मेंढीनं हाक दिली, खालच्या आवाजात, गळ्यातल्या गळ्यात. कोकराचे कान वळले. ते त्या विद्रूप, लोकर गेलेल्या जनावराच्या पोटाखाली सरळ शिरलं आणि शेपटी थरथरायला लागली. कोणी काही चोळलं नव्हतं. सगळं शेत ओरडलं. या वेळी मला ओरडता आलं नाही. शेवंता ओरडली, दोन्ही हात वर करून.

जाताना रेणूनं स्कुटी चालू केली, ती थोडं अंतर गेली आणि मागे न बघता म्हणाली, "धरून बसा, आबाजी. रस्ता खराब हाये." मी धरून बसलो, तिनं दिलेली कातर आता पिशवीत होती. मागून शेवंताची हाक आली.

"ओ कंडक्टर! नऊ राह्यल्या अजून. उद्या लवकर ये. अन् धार लावून आण, थे कातर भाजी कापाच्या कामाची हाये."

रात्री मला झोप आली नाही, आनंदाच्या धांदलीनं. कित्येक वर्षांनी मला उद्याचं काम होतं. सकाळी सहाला मी दगड पाण्यानं भिजवून धार लावत बसलो. खर्र-खर्र. शेजारचे उठून बघायला आले.

सोमवारी गर्दी नव्हती. बाभळीखाली तिनं काजळीची घोंगडी अंथरली होती आणि एका टोकाला बसली होती. मी दुसऱ्या टोकाला बसलो. आठ मेंढ्या झाल्या. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. ती माझ्या धारेला नावं ठेवत होती, मी तिच्या चष्म्याला. नवव्या मेंढीला माझं पातं बारीकसं लागलं. रक्ताचा थेंब आला.

"लागलं, लागलं!" ती ओरडली, जशी डोहावर ओरडायची तशी. हळदीचा डबा उघडला आणि म्हणाली, "हात कर."

खोटा भंडारा घेतला त्या सकाळनंतर मी तळहातावर हळद घेतली नव्हती. देवळात कोणी भंडारा देऊ लागलं तर मी मान पुढे करायचो, कपाळाला लावा म्हणायचो.

"कर ना हात. मेंढी दुखून राह्यली अन् हा पाहून राह्यला!"

मी हात पुढे केला. तिनं भरपूर हळद ओतली, सांडेल इतकी. मी ती जखमेवर दाबली आणि दाबून धरली.